आफेस

माझं काम तसं सोपं.
रविवारी चर्चच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहायचं
आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक
आजच्या ग्रीक कानांपर्यंत पोचवायचं.
एरवी मी कालिम्नोसच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
नखांतलं ग्रीस जात नाही,
म्हणून पोथीच्या पानांच्या कडा काळ्या.

प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात.
"आफेस" आला, की
खांबाशेजारच्या सेवास्तीचा आवाज थांबतो.
रोजची भाकर ती मागते.
मोहात पाडू नकोस, हेही मागते.
मधली ओळ रिकामी.
बेचाळीस वर्षं.
मी नाही मोजली, वडिलांनी मोजायला घेतली होती;
माझ्याआधी या कोपऱ्यात ते उभे राहायचे.

आफेस म्हणजे सोड.
आमचं देणं सोड,
जसं आम्ही दुसऱ्यांचं सोडतो.

तिचा याकुमिस लिबियाच्या किनाऱ्यावर
स्पंज काढायला उतरला, बावीस वाव खाली.
दोरीचं वरचं टोक मिकेसच्या हातात.
दोन हिसके : ठीक आहे.
तीन हिसके : वर घे.
मिकेस म्हणतो, तिसरा आलाच नाही.
बोटीवरचे म्हणायचे, मिकेस तेव्हा सिगारेट पेटवत होता.
बोटीवरचं आता कुणी उरलं नाही.
मिकेस उरला.

हे क्रियापद फार राबलेलं.
धक्क्यावरच्या हमालासारखं, समोर येईल ते उचलतं.
जब्दीची पोरं बापाला नावेत सोडून निघाली, तिथं हेच.
पेत्राच्या सासूला तापानं सोडलं, तिथंही
(आणि ती बिचारी उठून लगेच पाहुण्यांचं बघू लागली).
बायकोला सोडचिठ्ठी द्यायची, तरी हेच.
अंजिराला फळ नाही, तोडून टाक, म्हणाला मालक;
माळी म्हणाला, एवढं वर्ष सोडा त्याला,
मी आळं करतो, खत घालतो.
आणि क्रुसावर, अंधार पडल्यावर,
प्राण सोडला, तोही याच शब्दानं.

मी पाद्रीबुवांना विचारलं,
सोडून जाणं आणि सोडून देणं एकच कसं?
ते म्हणाले, मूठ उघडते, एवढंच त्या शब्दाला ठाऊक.
हातातून काय पडलं ते तो बघत नाही.

वाक्य छान होतं. मला पटलं नाही.
मिकेसची मूठ उघडली होती की,
तिला क्षमा कोण म्हणेल?

उपासाच्या दुसऱ्या आठवड्यात मी सेवास्तीकडे
पाण्याचा पंप बघायला गेलो होतो.
ती मसूर निवडत बसलेली.
दारात मिकेस.
शहाऐंशी वर्षांचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
सुकवलेला ऑक्टोपस हातात, टोपी काखेत.
बोलायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.
मी पाना खाली ठेवला. आवाज मोठा झाला.

तिनं मान वर केली नाही.
"आस् तो एकी," म्हणाली.
तिथं सोड.

(झिजत झिजत आफेसचं आता एवढंच उरलंय,
मधला फ कधीच समुद्रात पडला.)

घरी येऊन मी पोथी उघडली.
वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं,
की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे,
तर ते अर्पण तिथं सोड, आधी त्याच्याकडे जा.
तेच दोन शब्द. "तिथं" सुद्धा तेच.
सेवास्तीला अक्षर वाचता येत नाही.
तिला फक्त हात मोकळे नव्हते, मसुरात होते,
असंही असेल.

पुढच्या रविवारी त्या ओळीपाशी
मी मुद्दाम हळू झालो.
खांबाकडून काही आलं नाही.
कुणी तरी खोकलं.

तिची पुतणी सांगत होती,
ऑक्टोपस दोन दिवस उंबऱ्यावरच होता,
एक पाय मांजरांनी नेला.
उरलेला वाइनमध्ये शिजला.
मीठ जास्त झालं होतं, म्हणे.